किचनमधल्या वहिनी

मुख्य शेफ असलेले उस्ताद नोकरी सोडणार ही बातमी किचनमध्ये सगळ्यांना एकदमच कळली, कारण त्यांनी ती सांगितलीच मुळी दुपारच्या ऐन गर्दीत, एका हातानं शेवंड उलटता उलटता. "महिनाअखेरीला मी मोकळा," ते म्हणाले. "लेकीकडे जाऊन राहणार. इतकी वर्षं जगाला खाऊ घातलं, आता तिच्या हातचं खाईन. कसंही असलं तरी." आणि लगेच पुढच्या टेबलाची ऑर्डर मोठ्यानं वाचायला लागले.

माशांच्या काउंटरवर उभ्या असलेल्या बाईच्या हातातली सुरी थांबली. तिनं मान वर करून ग्रिलकडे बघितलं. ग्रिलवर तिचा नवरा होता आणि तो तिच्याकडेच बघत होता. दोघांनी एकदमच नजर काढून घेतली.

हॉटेल समुद्राला अगदी खेटून होतं. पुढच्या बाजूला पांढरा दगड, जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेपलीकडे भरतीच्या वेळी पायरीपर्यंत येणारं पाणी. आत टेबलं लांब लांब मांडलेली, ताटं एवढी मोठी की मधला माशाचा तुकडा वाट चुकल्यासारखा दिसायचा. लोक लांबून गाड्या घेऊन जेवायला यायचे, आधी फोटो काढायचे, मग खायचे. ही सगळी ऐट एका झुलत्या दरवाजाशी संपायची. दरवाजाच्या अलीकडे घाम, वाफ, बर्फाचे खोके, ओली फरशी आणि आरडाओरडा. ती या अलीकडच्या बाजूला कामाला लागली तेव्हा काचेला अजून कागद चिकटलेले होते. तिचा नवरा नंतर आला. मासा काट्यापासून सोडवायला तो तिच्याच काउंटरवर शिकला, आणि शिकता शिकता दोघांचं जमलं.

लग्नाआधी किचन तिला ताई म्हणायचं. लग्नानंतर महिनाभरात ती वहिनी झाली. कारण नवऱ्याला सगळे दादा म्हणत. तो भांडणं मिटवायचा, कुणाची पाळी कुणाशी बदलून द्यायचा, चिडलेल्या वेटरला गार पाणी पाजायचा. दादाची बायको ती वहिनी, हे सरळच होतं, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तिलाही तेव्हा गोड वाटलं होतं. कामावर ती त्याला "अरे" म्हणायची आणि घरी सासूबाईंसमोर "अहो", आणि या दोन्हींत तिची कधी गल्लत झाली नाही.

उस्तादांच्या जागी दादाच येणार हे किचननं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. भांडी घासणाऱ्या मावशी तर त्याला संध्याकाळीच म्हणाल्या, "आता आमच्याकडे लक्ष असू द्या." त्यानं हसून टाळलं. पण दोन-चार दिवसांनी मालकीणबाई स्वतः किचनमध्ये आल्या. पांढरे केस बारीक कापलेले, पायात सपाट चपला, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. त्यांनी दोघांनाही शेजारी उभं केलं.

"उस्तादांनी मला दोन नावं दिलीत," त्या म्हणाल्या. "दोन्ही तुमच्याच घरातली. मला कुणाच्या घरात भांडण लावायचं नाही, पण बाहेरून माणूस आणणंही पटत नाही. तेव्हा पुढच्या सोमवारी दुपारचं जेवण आटोपलं की दोघांनी मला एकेक ताट करून द्या. एकाच माशाचं. मी खाईन आणि ठरवीन. चालेल?"

"चालेल," दोघं म्हणाले. तो जरा आधी म्हणाला.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नव्हती. घरी आली की धुतलेली भांडी परत धुवायची. पलंगावरची चादर नीट असली तरी ओढायची. रेडिओ लावायची, बंद करायची. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसून हे सगळं बघत. त्यांचे गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत.

"बस की जरा एका जागी," त्या म्हणाल्या. "तुला बघून मला दम लागतो."

"बसते."

"दोघंही असेच फिरताय. तो तिकडे गच्चीवर, तू इकडे. मध्ये मी. मी कुणाच्या बाजूनं बोलायचं ते तरी सांगा."

"कुणाच्याच नका बोलू, आई."

"मग माझ्या तोंडाचं काय करू?" सासूबाई म्हणाल्या, आणि तिला हसू आलं. पण हसून झाल्यावर ती पुन्हा उठली.

गंमत म्हणजे आजवर दोघांचं सगळं बोलणं माशांवरच चालायचं. कोणता सॉस कशाबरोबर जाईल, कोळंबीचं कवच भाजून त्याचं पाणी कसं काढायचं, यावर ते जेवता जेवता वाद घालत. आता घरात मासा हा शब्दच बंद झाला. वीज, किराणा, लांबच्या शहरात शिकणाऱ्या लेकीचा फोन, एवढ्यावर गाडी चालली होती. लेकीनं दोघांनाही वेगवेगळा फोन करून एकच वाक्य सांगितलं होतं: "तुलाच मिळायला हवं." हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं आणि मग तो गच्चीवर गेला, ती भांड्यांकडे.

तिला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की तिला स्वतःचीच लाज वाटायची. बस पकडताना, केस विंचरताना, डोक्यात सारखं एकच ताट फिरत असायचं: पातळ साल कुरकुरीत केलेला मासा, खाली लोणी आणि लिंबाचा सॉस, वर काही नाही. सजावट नाही, फुलं नाहीत. बाईंना पहिल्या घासात कळलं पाहिजे. पण त्याच वेळी दुसरं एक चित्र यायचं. तिला जागा मिळाली आहे आणि तो ग्रिलवर उभा राहून तिचे हुकूम ऐकतो आहे. त्या चित्रापाशी आली की ती उठून काहीतरी धुवायला घ्यायची.

सोमवारी मोठा मासा आला, चकचकीत डोळ्यांचा. उस्तादांनी तो मधोमध कापून दोघांना सारखे तुकडे दिले. जेवणाची गर्दी ओसरली, बाहेरच्या टेबलांवर नुसते कॉफीचे कप उरले. मालकीणबाई एक स्टूल ओढून किचनमध्येच बसल्या. बाकीचे लोक कामात असल्याचं सोंग करत कान टवकारून उभे होते.

दोघांच्या शेगड्या शेजारी शेजारी होत्या. तिनं सॉस मंद आचेवर ठेवला आणि ढवळायला घेतला. या सॉसचं एक असतं, तो पाठ फिरवू देत नाही. लोणी थोडं थोडं घालत राहायचं, हात थांबला की दुधासारखा फाटलाच. नवऱ्यानं मासा साल खाली करून पॅनमध्ये टाकला. तेल मस्त चरचरलं. तेवढ्यात बाईंनी त्याला विचारलं, "हा मासा तुम्ही ग्रिलवर का नाही घेतला? मला वाटलं तुम्ही ग्रिलच घ्याल."

बाईंकडे पाठ करून उत्तर देणं त्याला बरं वाटलं नसावं. तो पूर्ण वळला आणि बाई आणि पॅन यांच्या मध्ये उभा राहून सांगायला लागला. एकदा बोलायला लागला की तो हातवारे करतो. तो बोलत राहिला आणि पॅनमधला आवाज बदलला. चरचर ओली होती ती कोरडी झाली, तडतडायला लागली. आणखी चार-सहा क्षणांत साल करपणार होती. पॅन कुणाचा, साल कुणाची, काही तिच्या मनात आलं नाही. हातातला चमचा तिनं कधी ठेवला तेही तिला कळलं नाही. डाव्या हातानं तिनं त्याचा पॅन उचलला, बाजूच्या गार लोखंडावर ठेवला, त्याची आच बंद केली आणि परत आपल्या सॉसकडे वळली.

सॉस फाटला होता. कडेनं पिवळं तेल सुटलेलं, मध्ये बारीक दाणे.

तिनं गार पाण्याचा चमचा घातला, जोरजोरात फेटला, गाळून घेतला. बराचसा सावरला. पण जे जिभेला कळायचं ते कळणारच होतं.

बाईंनी दोन्ही ताटांतला घास सावकाश खाल्ला. त्याच्या माशाची साल काट्यानं मोडली तेव्हा तिचा आवाज पार दारापर्यंत ऐकू आला. तिच्या ताटाशी त्या थोडं थांबल्या. "मासा छान आहे," त्या म्हणाल्या. "सॉसला आज काय झालं?"

"जरा फाटला," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार होती? नवरा शेजारीच उभा होता. त्याची नजर गार लोखंडावरच्या पॅनवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा शेफ झाला. किचननं टाळ्या वाजवल्या, मावशींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कुणीतरी तिलाही म्हणालं, "वहिनी, आता तुमचंच राज्य." ती हसली. खरंच हसली, कारण तो लाजला की त्याचे कान लाल होतात आणि ते तिला आवडायचं. पण दुपारपर्यंत त्या हसण्याचा गालांना ठणका लागला.

मग तो फार चांगला वागायला लागला, आणि तिचं बिनसलं ते तिथून. घरी आल्यावर भांडी तो घासायचा. सकाळी ती उठायच्या आत चहा तयार असायचा. कामावर तिच्या काउंटरवरचा बर्फ स्वतः आणून द्यायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचा, "वहिनींना विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." तो तिला वहिनी म्हणाला. तिच्या हातातला खेकडा निसटून फरशीवर पडला.

उस्ताद जायच्या दिवशी त्यांनी तिला मागच्या दारापाशी गाठलं. तिथे रिकाम्या खोक्यांची रास होती आणि पलीकडे किनाऱ्यावर हॉटेलच्या पांढऱ्या छत्र्या मिटून ठेवलेल्या.

"तू त्याचा पॅन उचललास," ते म्हणाले.

"करपत होता."

"त्याचा करपत होता. तुझं काय जात होतं?"

तिनं राशीवरचं कलंडलेलं खोकं सरळ केलं.

"मी बाईंना सांगितलं नाही," उस्ताद म्हणाले. "माझा काय संबंध? पण तुला सांगून जातो. पलीकडच्या टोकाला, खडकाच्या मागं, एक नवं हॉटेल उभं राहतंय. लहान आहे. मालक तरुण आहे, त्याला मासे कळत नाहीत हे त्याला कळतं, एवढं तरी आहे. मला विचारत होता. मी म्हटलं, मी म्हातारा झालो, माझ्याकडे दुसरं नाव आहे." त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "जाऊन भेट. नको वाटलं तर नको."

ती भेटायला गेली नाही. पण खडकाच्या मागं काय चाललंय हे आता ती रोज बसच्या खिडकीतून मान वळवून बघायला लागली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तो शर्ट झटकून तिच्या हातात देत होता, ती चिमटे लावत होती. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, "दमलीस का? तू बस, मी घालतो."

"तुला माहितीय," ती म्हणाली.

"काय?"

"पॅन."

त्यानं हातातला टॉवेल पिळला. तो आधीच पिळलेला होता. "हो."

"कधीपासून?"

"तेव्हाच. वळलो तर पॅन बाजूला. मी काही ठेवला नव्हता. मग तुझा सॉस बघितला." तो थांबला. "बाईंनी विचारलं ना तुला, काय झालं म्हणून, तेव्हा माझ्या अगदी ओठांवर होतं. मग त्यांनी पुढचं काहीतरी विचारलं, आणि वेळ गेली. दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजल्या. मग आणखीच अवघड झालं."

"म्हणून चहा करतोयस होय रोज."

"मग काय करू?"

"चहा नको करूस," ती म्हणाली. "मला तुझ्या त्या चहाचा वीट आलाय. चिड माझ्यावर. भांडी घासायची माझ्यावर टाक. पूर्वी टाकायचास तशी."

खालून सासूबाईंनी हाक मारली, "काय चाललंय वर?" दोघं एकदम म्हणाले, "काही नाही, आई." आणि नंतर उरलेले कपडे वाळत घातले. तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. उलट आता आत काहीतरी जागं होऊन येरझाऱ्या घालायला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला न विचारता मालकीणबाईंना सगळं सांगितलं. तिला कळलं ते बाईंनी ऑफिसात बोलावल्यावर. ऑफिस लहानसं होतं, खिडकीतून नुसतं पाणी दिसायचं. नवरा भिंतीला टेकून उभा होता, कान लाल.

"यांनी मला सांगितलं," बाई म्हणाल्या. "मला राग आलाय, पण नक्की कुणाचा ते ठरत नाही. त्या दिवशी मी मध्येच प्रश्न विचारला, म्हणजे थोडा माझाही असेल. हे म्हणतात, ते जागा सोडायला तयार आहेत. मला असं हातातून हातात दिलेलं नको. तुम्ही पुन्हा ताट कराल? तुम्ही एकट्याच. हे किचनमध्ये नसतील."

तिनं तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. आठवडाभर झोपेतसुद्धा तिनं तेच ताट केलं होतं. पण तोंडातून आलं, "नको."

नवरा भिंतीपासून सरळ झाला. "का? अगं, मी मनापासून सांगतोय."

"माहितीय." ती बाईंकडे बघून बोलली, कारण त्याच्याकडे बघून तिला बोलता आलं नसतं. "बाई, त्या दिवशी हे किचनमध्ये नसते तर माझा सॉस फाटला नसता, हे खरं. पण एक दिवस यांना बाहेर ठेवाल, रोज कसं ठेवणार? मी मोठी झाले काय आणि हे मोठे झाले काय, माझा एक कान यांच्या शेगडीवरच राहणार. इतकी वर्षं तो तिथंच आहे, आणि मला ते माहीतसुद्धा नव्हतं. मला एकदा दोन्ही कानांनी स्वयंपाक करून बघायचाय."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे मी जाते."

हे तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. आपलेच शब्द ऐकून तिनं खुर्चीची पाठ धरली.

घरी मोठा गोंधळ झाला. तो पहिल्यांदाच नीट चिडला. "मला तोंडघशी पाडलंस," तो म्हणाला. "मी बाईंसमोर पडतं घ्यायला गेलो आणि तू मलाच सोडून निघालीस."

"तुम्हाला नाही सोडलं. किचन सोडलं."

"माझ्यासाठी एकच आहे ते."

"माझ्यासाठीही एकच होतं," ती म्हणाली. "तीच तर अडचण आहे."

त्यानं जेवणाचं ताट तसंच ठेवलं आणि खाली फिरायला निघून गेला. सासूबाई शेजारीच जेवत होत्या. तो गेल्यावर त्यांनी त्याचं ताट पुढे ओढलं, त्यातली भाजी आपल्या ताटात घेतली आणि म्हणाल्या, "येईल. भूक लागली की येतो, लहानपणापासून." मग घास चावता चावता, "ती नवी जागा किती लांब आहे? मला दुपारी औषध कोण देणार?"

"मी काढून ठेवून जाईन, आई."

"मग जा," सासूबाई म्हणाल्या.

उस्तादांचं नाव सांगून ती दुसऱ्या दिवशी त्या तरुण मालकाला भेटली आणि आठवडाभरात कामाला लागली. खडकामागचं हॉटेल अजून पुरतं कोरडंही नव्हतं. भिंतींना ओल्या रंगाचा वास होता, खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं. किचन तिच्या जुन्या काउंटरच्या दुप्पट असेल-नसेल. हाताखाली तिघं, तिघांनाही एकमेकांची नावं नीट पाठ नव्हती. तिला सगळे शेफ म्हणायला लागले, आणि पहिले दोन दिवस ती मागं वळून बघायची, कुणाला हाक मारतायत म्हणून.

पहिल्या दुपारची टेबलं भरली तेव्हा ती एकेक ऑर्डर दोनदा वाचायला लागली. कोळंबी तिनं जास्त शिजवली. तीच, जिनं कोळंबी डोळे मिटून केली असती. ताट परत आलं, तिनं ते न बघता बाजूला केलं आणि नवं लावलं. कालवांसोबत लिंबू द्यायला विसरले म्हणून ती एकावर ओरडली, मग त्याची माफी मागितली, मग दहा मिनिटांत पुन्हा ओरडली. माकुळाचे तुकडे कापता कापता बोट कापलं. बँडेज कुठे ठेवलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटचं टेबल उठलं तेव्हा तरुण मालक दारातून डोकावला आणि म्हणाला, "खिडकीजवळच्या बाई विचारत होत्या, मासा कुणी केला."

"काही तक्रार आहे का?"

"नाही. परत येणार म्हणाल्या."

ती बाहेर पायरीवर येऊन बसली आणि लगेच उठली. बसवतच नव्हतं. ओहोटी लागली होती, खडक उघडे पडत होते. फोन वाजला. नवऱ्याचा होता. गेले आठ-दहा दिवस दोघं जेवढ्यास तेवढंच बोलत होते.

"झालं का पहिलं जेवण?" त्यानं विचारलं.

"झालं. कोळंबी वाया घालवली."

"तू?"

"मीच."

तो हसला नाही याबद्दल तिला बरं वाटलं. पलीकडे भांडी आपटल्याचा, कुणीतरी दादा दादा म्हणून बोलावल्याचा आवाज येत होता. "माझाही आज घोटाळा झाला," तो म्हणाला. "तुझ्या काउंटरवर जो ठेवलाय ना, त्याला मासा सोडवता येत नाही. निम्मं मांस काट्यालाच ठेवतो. मी दिवसभर त्याच्या मागं."

त्याला कसं शिकवायचं ते तिच्या जिभेवर आलं होतं. सुरी कशी आडवी धरायला सांगायची, अंगठा कुठे. पण तो विचारत नव्हता, नुसतं सांगत होता. ती ऐकत राहिली.

"संध्याकाळी कधी येशील?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. रात्रीची टेबलं किती भरतात त्यावर."

"आई वाट बघत बसेल."

"आईंना जेवून घ्यायला सांग. तूही जेव."

"मी थांबतो," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "थांबू ना?"

आतून हाताखालच्या एकानं शेफ म्हणून हाक मारली, संध्याकाळसाठी मासे आले होते आणि बर्फ कमी पडत होता. तिनं थांब असंही म्हटलं नाही, नको असंही नाही. "बर्फ संपलाय, बघते," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला आणि कापलेलं बोट वर धरून झपाझप आत गेली.